नरगुंदकर काकांची फाइल आणि हरवलेला ळ

"बाई, हे इंग्रजी आहे का?" नरगुंदकर काकांनी विचारलं.

मी स्क्रीनकडे बघत उभी होते. इंग्रजी नव्हतं ते. अक्षरं इंग्रजी होती, पण त्यांचा एकही शब्द होत नव्हता. एक्स, के, मोठा एम, मग अर्धविराम, मग चौकोनी कंस, परत के. पानभर असंच. खाली सरकवलं, दुसरं पान तसंच, तिसरंही तसंच. फाइल चारशे पानांच्या वर होती.

"सोमवारी तुम्ही मशीन घेऊन गेलात, तेव्हा मराठी होतं," काका म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. रेल्वेत बत्तीस वर्षं मालगाडीचे गार्ड होते ते. काही बिघडलं की आधी काय काय दिसतंय ते सांगायचं, ही त्यांची सवय. "आज गुरुवार. आज हे असं आहे."

"बघते काका," मी म्हटलं.

ही गोष्ट माझ्या शिकाऊपणातली आहे. त्याआधी सोळा वर्षं मी धारवाडात टायपिंग शिकवत होते. इंग्रजीची आणि कन्नडची यंत्रं पुष्कळ, मराठी-हिंदीची दोन. मग टायपिंग शिकायला कोणी येईना, आणि मालकांनी संस्था बंद केली. एक्केचाळिसाव्या वर्षी मी हुबळीत कोप्पीकर रोडवर ईरण्णांच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात लागले, ती फोन घ्यायला आणि बिलं करायला. ईरण्णा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, पण मला अक्का म्हणत आणि बॉससारखे रागवत. फोनवर लोक काय सांगतात ते ऐकून मी आधीच बिघाड ओळखायला लागले, तसं एक दिवस त्यांनी माझ्यापुढे उघडलेलं मशीन ठेवलं आणि म्हणाले, "अक्का, ब्रश घ्या. आजपासून धूळ तुमची."

तीन महिने मी नुसती धूळ काढली. मग हळूहळू बाकीचं आलं. कुठलीही वायर काढायच्या आधी मोबाइलवर फोटो घ्यायचा. स्क्रू वाटीत ठेवायचे. आतल्या पट्ट्यांना हात लावण्याआधी डब्याच्या पत्र्याला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज पत्र्यात जाते आणि नाजूक भाग जळत नाहीत. हे सगळं मी वहीत लिहून ठेवायचे. ईरण्णा हसायचे, पण त्यांचा एक प्रश्न रोज असायचा. "पहिलं काय?"

"बॅकअप."

"मग?"

"स्क्रू-ड्रायव्हर."

नरगुंदकर काकांचं मशीन हे मला एकटीला दिलेलं पहिलं काम. नवनगरात त्यांचं बैठं घर. मशीन बारा वर्षांचं, चालू केलं की चहा होऊन पिऊन व्हायचा तरी उघडायचं नाही. काकांचं मागणं साधं होतं. "त्यात माझं पुस्तक आहे. ते छापायला द्यायचंय. मशीन जरा चालतं करा, आणि पुस्तकाला धक्का लावू नका."

मी दोन गोष्टी करायच्या ठरवल्या. एक म्हणजे रॅम वाढवायची. रॅम म्हणजे मशीनची काम करायची जागा, स्वैपाकाच्या ओट्यासारखी. ओटा लहान असला की एक भांडं उचलल्याशिवाय दुसरं ठेवता येत नाही. दुसरी, जुनी हार्ड डिस्क बदलायची. जुन्या डिस्कमध्ये एक तबकडी गरगर फिरते आणि माहिती शोधायला वेळ घेते. नवी एसएसडी, तिच्यात फिरणारं काहीच नसतं, म्हणून ती झटपट चालते.

बॅकअप मी मनापासून घेतला. पुस्तकाची फाइल, फोटो, पेन्शनची कागदपत्रं, सगळं तीन ठिकाणी. मग नवी डिस्क, नवं विंडोज. रॅम बसवली तेव्हा मशीन नुसतं पी पी करायला लागलं, स्क्रीन काळी. रॅमची पट्टी पूर्ण आत गेली नव्हती. दोन्ही बाजूंनी अंगठ्याने दाबली, खट्ट आवाज आला, आणि मशीन सुरू झालं. त्या खट्ट आवाजाने मला इतका आनंद झाला की मी उत्साहात आणखी एक काम केलं. जुनी डिस्क पुसली आणि जादा जागा म्हणून त्याच मशीनला जोडून दिली. काकांना तेवढीच भेट.

आता काकांच्या समोर मी पहिली प्रत उघडली, कचरा. दुसरी उघडली, कचरा. पेन ड्राइव्हवरची तिसरी, तोच कचरा.

आतून मालतीकाकू आल्या. काकांच्या पत्नी. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "चहा टाकते," म्हणाल्या आणि परत आत गेल्या.

"काका, याची कागदावर प्रत आहे का?"

"नाही. प्रिंटर कधीच मेला."

"आणि... परत थोडं थोडं टाइप..."

काकांनी उजवा हात पुढे केला. बोटं बारीक थरथरत होती. "वर्ष झालं हे सुरू होऊन. आधी एका बोटाने टाइप करत होतो. सहा वर्षं लागली. आता एक अक्षर दाबायला गेलं की चार उमटतात." मग तेच हसले. "पुढच्या महिन्यात आम्हा जुन्या गार्ड लोकांचा मेळावा आहे. सगळ्यांना पुस्तक देणार म्हणून सांगून बसलोय. तुम्ही घाबरू नका बाई. मालगाडी रुळावरून उतरली तरी आम्ही आधी डबे मोजायचो. मोजा."

मी ओसरीवर जाऊन ईरण्णांना फोन लावला.

"एनाय्तु अक्का? काय झालं?"

मी सांगितलं.

"जुनी डिस्क आहे ना? ती लावून बघा."

मी मशीनकडे वळून बघितलं.

"अक्का?"

"पुसली."

 ईरण्णांचे शब्द एक एक मोजून आले. "गिऱ्हाइकाची जुनी डिस्क महिनाभर पुसायची नाही. कितव्या दिवशी सांगितलं होतं मी?"

"पहिल्या."

"ती डिस्क इकडे पाठवून द्या, त्यावरून काही निघतं का बघतो. तुम्ही तिथंच बसा. काहीही दाबू नका. नुसतं बघा."

शेजारचे एक गृहस्थ कोप्पीकर रोडलाच निघाले होते. डिस्क काढून त्यांच्याकडे दिली, फाइल परत उघडली आणि मी येऊन बसले. काकूंनी चहा आणून ठेवला. काहीही दाबायचं नव्हतं, म्हणून मी नुसती बघत राहिले. हात मांडीवर होते. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की बोटं मांडीवर हलतायत. सोळा वर्षांची सवय. समोर अक्षरं दिसली की ती आपोआप टाइप करायची.

एक्स. के. मोठा एम. एच.

टाइपरायटरवर एक्सची किल्ली म्हणजे डाव्या हाताची खालची ओळ. मराठीच्या यंत्रावर तिथं ग असतो. केच्या जागी काना. एम शिफ्टबरोबर दाबला की ड. एचच्या जागी दुसरी वेलांटी.

ग, काना, ड, वेलांटी.

"गाडी!" मी एवढ्या मोठ्यांदा ओरडले की काकू दारात आल्या.

"कुठली गाडी?" काका म्हणाले.

"काका, इथं गाडी लिहिलंय! आणि हे इथं, एक्स, के, मोठा एम, मोठा झेड. गार्ड! गार्ड लिहिलंय. हे बघा, परत गाडी. परत गाडी. सगळीकडे गाडीच गाडी!"

"मग मालगाडीच्या गार्डच्या पुस्तकात काय असणार?" काका म्हणाले. पण त्यांचे डोळे चमकले होते. खुर्ची ओढून ते जवळ आले.

झालं होतं ते असं. आता आपण मराठी टाइप करतो तेव्हा कॉम्प्युटरला कळतं की हा ग आहे. कुठल्याही मशीनवर तो गच दिसतो. या पद्धतीला युनिकोड म्हणतात. काकांच्या पुतण्याने पूर्वी बसवून दिलेली पद्धत जुनी होती. तिच्यात कॉम्प्युटर आपला एक्सच लिहून ठेवतो, फक्त फॉन्ट असा असतो की एक्सच्या जागी गचं चित्र दाखवतो. फॉन्ट म्हणजे अक्षरांच्या चित्रांचा संच. माझ्या तिन्ही प्रती अगदी धडधाकट होत्या. पण चित्रांचा संच जुन्या विंडोजच्या पोटात होता, आणि ते मी पुसून टाकलं होतं. काका वर्षभर टाइप करत नव्हते, त्यामुळे त्यांना कामाला बसलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं.

फाइलच्या वर एका चौकटीत फॉन्टचं नाव तेवढं शिल्लक होतं. इंटरनेटवर शोधलं. नेमका तो मिळाला नाही, पण त्याच घराण्यातला एक हिंदीचा मिळाला. तो बसवला, आणि पान मराठी झालं. काकूंनी टाळ्या वाजवल्या. काकांनी चष्मा सारखा केला आणि पहिली ओळ वाचली.

"मी हुबी यार्डात..." ते थांबले. "हुबी? हे कुठलं स्टेशन?"

मी वाकून बघितलं. हुबळीतल्या ळच्या जागी रिकामी चौकट होती.

"पुढे वाचा."

"सकाी सहाच्या वेा... बाई, माझा ळ कुठंय?"

हिंदीच्या फॉन्टला ळची गरजच पडली नव्हती, म्हणून त्यात तो नव्हता. बेळगाव गेलं होतं, हल्याळ गेलं होतं, डाळ, केळं, काळा कोळसा सगळं गेलं होतं. काही जोडाक्षरंही भलतीच झाली होती.

"एवढ्यावर छापता नाही यायचं का?" काकूंनी विचारलं.

"अगं, हुबळीतला ळ काढल्यावर मी नोकरी कुठं केली म्हणून सांगू?" काका म्हणाले.

मी परत ईरण्णांना फोन केला. त्यांना आता मजा वाटायला लागली होती. "अक्का, फॉन्ट होय! कन्नडचे असले चार आहेत माझ्याकडे. मराठीचे नाहीत. तुम्ही दुर्गदबैलच्या बाजारात जा. मराठी लग्नपत्रिका छापणारे असतील, त्यांच्याकडे नक्की असणार." डिस्कवरून काही निघालं का, विचारलं. फोटो निघाले होते, फॉन्ट नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुर्गदबैलला गेले. कापडाच्या आणि लोखंडी सामानाच्या दुकानांमधून, हातगाड्या चुकवत विचारत गेले. तिसऱ्या ठिकाणी मिरजकर अण्णांचा छापखाना सापडला. एक लांबट खोली, भिंतीवर पत्रिकांचे नमुने, आणि कोपऱ्यात एक कॉम्प्युटर. त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा आवाज करत होता.

मी फॉन्टचं नाव सांगितलं.

"आहे की," मिरजकर अण्णा म्हणाले. "पणजोबा मिरजेहून आले तेव्हापासून आमच्या छापखान्यात ळ कमी पडलेला नाही. पण या मशीनला मी कोणाला हात लावू देत नाही."

"का?"

"हे बंद केलं तर परत चालू होत नाही. दोन वर्षांमागं एकदा बंद झालं होतं. काळ्या पडद्यावर इंग्रजी येऊन बसलं. चार दिवस पत्रिका अडकल्या, एका लग्नातले मुलीकडचे तर इथं ठाण मांडून बसले. मेकॅनिकने कसंबसं चालू करून दिलं. तेव्हापासून बंद केलेलंच नाही. दसऱ्याची पूजासुद्धा चालू ठेवूनच करतो."

"बंद नाही करणार अण्णा. फक्त हा पेन ड्राइव्ह लावते, फॉन्ट घेते, निघते. दोन मिनिटं."

अण्णांनी पेन ड्राइव्ह उलटसुलट करून बघितला. मग एक नारळ फोडायचा राहिल्यासारखं मशीनकडे बघून म्हणाले, "लावा."

मी पेन ड्राइव्ह लावायला वाकले, आणि वीज गेली.

इतके दिवस सांभाळून घेणाऱ्या यूपीएसने दोनदा आवाज केला आणि त्यानेही मान टाकली. पंखा हळू होत होत थांबला. खोलीत एवढी शांतता झाली की बाहेरच्या रिक्षावाल्याचं बोलणं ऐकू यायला लागलं.

मिरजकर अण्णा खुर्चीवर बसले. "गेलं," म्हणाले.

"मी काही केलं नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे हो. पण गेलं."

वीस मिनिटांनी वीज आली. मी बटण दाबलं. पंखा घरघरला, आणि पडदा काळाच राहिला. मग त्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी ओळी आल्या.

"हेच! तेव्हापण हेच आलं होतं!" अण्णा म्हणाले.

कॉम्प्युटरवर काळ्या पडद्यावर काही आलं की लोक घाबरून नजर वळवतात. मी टायपिंगवाली. समोर मजकूर असला की मी तो शेवटपर्यंत वाचते. त्यात लिहिलं होतं की आतली बॅटरी संपली आहे, तारीख-वेळ आणि सेटिंग्ज विसरली गेली आहेत, पुढे जायचं तर अमुक किल्ली दाबा.

प्रत्येक कॉम्प्युटरच्या आत एक गोल चपटी बॅटरी असते, रुपयाएवढी. मशीन बंद असताना तारीख आणि आपल्याला कुठली डिस्क जोडलेली आहे वगैरे लक्षात ठेवायला तिचा उपयोग होतो. ती संपली की मशीन चालू असेपर्यंत काही कळत नाही. बंद केलं की मात्र सगळं विसरतं.

"अण्णा, जवळ घड्याळवाला कोण आहे?"

"घड्याळवाला? आता मुहूर्त बघायचाय का?"

"बॅटरी हवीय."

समोरच घड्याळवाला होता. पाच मिनिटांत तो गोल सेल आला. मी मशीनची वायर काढली, पत्र्याला हात लावला, फोटो घेतला, स्क्रू अण्णांच्या कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवले. आत धुळीचा आणि कागदाच्या भुग्याचा चक्क गालिचा होता. तीन महिन्यांची माझी तालीम तिथं कामाला आली. छापखान्यातलाच एक मऊ ब्रश घेऊन सगळं साफ केलं, पंख्याच्या पात्यांमधला गुंता काढला, सेल बदलला. मग चालू करून, ईरण्णांना फोनवर विचारत विचारत, तारीख आणि डिस्कची सेटिंग्ज भरली.

मशीन सुरू झालं. आवाजच नव्हता. अण्णांनी कान जवळ नेला. "चालू आहे का?"

"चालू आहे. आता बंद करा."

"नको हो."

"करा अण्णा. माझ्यासमोर करा."

त्यांनी डोळे बारीक करून बंद केलं. पाच मोजून चालू केलं. सुरू झालं. परत बंद केलं, परत चालू केलं. मी थांबवलं नसतं तर संध्याकाळपर्यंत तेच करत बसले असते.

फॉन्ट घेण्याआधी मी त्यांच्या सगळ्या पत्रिकांचा आणि सगळ्या फॉन्टचा बॅकअप घेतला आणि त्यांच्या हातात दिला. माझं मला शहाणपण आलं होतं.

शनिवारी सकाळी नवनगरात गेले. खरा फॉन्ट बसवला आणि फाइल उघडली. काकांनी खुर्ची पुढे ओढली.

"मी हुबळी यार्डात," त्यांनी वाचलं, "सकाळी सहाच्या वेळी..." पुढे त्यांना वाचता येईना. चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "मालतीला वाचू द्या. तिने अजून एक पान वाचलेलं नाही. पूर्ण झाल्यावर दाखवणार होतो."

मालतीकाकू खुर्चीवर बसल्या. मी त्यांना पान खाली कसं सरकवायचं ते दाखवलं. त्या मोठ्याने वाचत होत्या. लोंड्याचा घाट, धुक्यात हिरवा झेंडा, गार्डच्या ब्रेकव्हॅनमधला स्टोव्ह. काका भिंतीकडे बघत ऐकत होते. दहा-बारा पानं अशी गेली. मग काकूंचा आवाज थांबला. त्यांनी एक ओळ परत वाचली, मनातल्या मनात.

"काय हो," त्या म्हणाल्या. "डब्यातली कारल्याची भाजी तुम्ही इंजिन ड्रायव्हरला देत होता?"

काकांनी चष्मा परत पुसायला घेतला.

"बत्तीस वर्षं?"

"रोज नाही गं. कारलं असेल तेव्हाच."

"आणि घरी येऊन म्हणायचात, मालती, कारलं तुझ्या हातचंच!"

"तो ड्रायव्हर तसंच म्हणायचा. मी फक्त निरोप आणायचो."

काकू हसायला लागल्या ते थांबेचनात. काका माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "बाई, परत आधीच्यासारखं करता येईल का?"

पुस्तक निघालं. सगळा मजकूर मी युनिकोडमध्ये बदलून घेतला, म्हणजे आता तो कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल. बदलताना एक-दोन अक्षरं इकडची तिकडे होतात, म्हणून एकेक पान काकूंनी तपासलं. कारल्याची ओळ त्यांनी ठेवली, उलट तिथं ड्रायव्हरचं नाव घालायला लावलं. छपाई मिरजकर अण्णांनी केली आणि मेळाव्याच्या दोन दिवस आधी गठ्ठे स्वतः नवनगरात पोचवले. ईरण्णांनी मला पुढचं मशीन दिलं, पण जुन्या डिस्का ठेवायच्या कपाटाची किल्ली वर्षभर स्वतःकडे ठेवली.

आता माझ्याकडे शिकायला मुली येतात. त्यांना मी सांगते की गिऱ्हाईक म्हणतं, "माझी फाइल सांभाळा," पण ती फाइल कशाच्या आधारावर उभी आहे हे त्याला ठाऊक नसतं, आणि तुम्हालाही नसतं. म्हणून मशीन उघडण्याआधी त्याला खुर्चीवर बसवा आणि रोज जे करतो ते एकदा समोर करून दाखवायला सांगा. हात चालत नसतील तर तुम्ही करा, त्याने सांगावं. दहा मिनिटं जातात. माझे तीन दिवस गेले होते.